उघडी कुटी आणि शाकारलेलं घर

सुत्तनिपातात धनिय नावाच्या एका गवळ्याची गोष्ट आहे. मही नदीच्या काठी त्याचं बिऱ्हाड. पावसाळा तोंडावर आलेला. धारा काढून झाल्यात, भात शिजलाय, खोपट शाकारून झालंय, आत विस्तव पेटलाय. सगळं जागच्या जागी लागलं की माणसाला जी निश्चिंती येते ती त्याला आली आहे, आणि तो आभाळाला सांगतो, आता तुझ्या मनात येईल तेव्हा बरस. त्याच काठावर एका रात्रीपुरते उतरलेले बुद्ध त्याला बोलाला बोल लावून उत्तर देतात. त्यांचा राग निवलाय, मनातला अडसर गेलाय, त्यांची कुटी उघडी आहे आणि आतला विस्तव विझलाय. म्हणून आभाळाला त्यांचंही तेच सांगणं. पुढं खरोखरच पाऊस येतो, सखल रान आणि उंचवटा सारखाच भरून टाकतो, आणि धनिय बायकोसह बुद्धांना शरण जातो.

आमच्या वाडीतल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. मुख्य वाचन अर्थातच बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचन संपल्यावर त्रिपिटकातली एखादी गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. धनियाची गोष्ट सांगितली की मागच्या रांगेतून कुणीतरी हटकून विचारतं, “बाई, म्हंजे घर शाकारायचा का नाय?”

हा प्रश्न आमच्याकडे हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मंडणगड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात प्रत्येक घराला शिडी लागते. कौल न् कौल हलवून बघायचं, फुटकं काढायचं, पन्हळीत साचलेला पालापाचोळा उपसायचा, कुजलेल्या रिपा बदलायच्या, आढ्यावरच्या कोन्यांचे सांधे भरायचे, पश्चिमेच्या अंगाला झापं बांधायची. यात हयगय झाली तर जुलैत भिंत फुगते आणि ऑगस्टात बसते. मातीच्या घराचं आयुष्य छपरावर असतं. तेव्हा ज्याला आपण शरण गेलो तोच कुटी उघडी असल्याचं समाधान सांगतो, तर आपण शिडी लावायची की नाही, असं विचारणारा माणूस अगदी मुळावर बोट ठेवत असतो. मी बरीच वर्षं त्याला गोलमोल उत्तर दिलं नाही, पण पूर्ण उत्तरही माझ्यापाशी नव्हतं. ते मला २०२० नंतर सापडलं.

आधी आमच्या घरावर कौलं कशी चढली ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळणार नाही.

माझे आजोबा मुंबईच्या गोदीत ओझी वाहायचे. गावी घर होतं ते कुडाच्या भिंतींचं, पेंढ्याच्या छपराचं. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तसे कारखाने वाढत गेले आणि खाचेत खाच बसणारी ती तांबडी कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांवर उतरू लागली. गोदीत काम करणाऱ्या माणसानं ती रोज पाहिली, उचलली, रचली. देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांनी आजोबांनी साठवलेल्या पैशांतून आपल्या घरासाठी कौलं घेतली. बाणकोटच्या खाडीतून ती होडीनं आली, पुढं डोक्यावरून. ती अंगणात उतरली त्या संध्याकाळी गावकीचा निरोप आला: महारवाड्यात कौल चढायचं नाही. सुतारानं विसार परत केला. तो पावसाळाभर कौलं अंगणात रचलेली राहिली. आजी पेंढ्याखाली गळतीला भांडी मांडत होती आणि दारासमोर कौलं भिजत होती. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं, पण दर वेळी तिचा आवाज त्याच ठिकाणी खाली जायचा. पुढच्या शिमग्याला वाडीतले गडी मुंबईहून आले. त्यातल्या काहींनी गोदीत सुतारकाम शिकून घेतलं होतं. त्यांनी स्वतःच आढं चढवलं, वासे टाकले, रिपा ठोकल्या आणि शिमग्याची पालखी गावात फिरत होती तेवढ्यात घर शाकारून टाकलं.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांविषयी लिहिलेलं बरंच काही त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. त्यातल्या एका लेखनात गावगाड्यात अस्पृश्यानं काय केलं की अपराध ठरतो, त्याची यादी आहे. जमीन किंवा गुरं बाळगणं, स्वच्छ कपडे, बूट, घड्याळ किंवा सोनं घालणं, मुलांची भारदस्त नावं ठेवणं, आणि कौलारू घर बांधणं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी शाळेच्या वाचनालयात होते. आमच्या अंगणातली रचलेली कौलं एका छापील ओळीत मला भेटली.

म्हणून छप्पर ही आसक्ती आहे, घर हे बंधन आहे, असं कुणी मोघम बोललं की मी थांबवते. सोडायला आधी हातात असावं लागतं. ज्याच्या डोक्यावर कौल चढू दिलं नाही त्याला छपराचा मोह सोडायला सांगणं हा उपदेश नव्हे, तो गावकीचाच निरोप आहे. फक्त चीवर पांघरून आलेला. सिद्धार्थानं घर सोडलं, पण ते कशासाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी मुळापासून पुन्हा विचारला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पहिल्यांदाच दिसलं म्हणून एकोणतीस वर्षांचा माणूस घर सोडतो, हे त्यांच्या बुद्धीला पटलं नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत युद्ध पेटू घातलं, सिद्धार्थानं त्याला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून तो बाहेर पडला, असं त्यांनी मांडलं. म्हणजे घर वाईट म्हणून घर सोडलं, असा अर्थच त्यात उरत नाही. आणि स्वतः बाबासाहेबांनी काय केलं? १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलं, तेही आपल्या पुस्तकांना धड जागा मिळावी म्हणून, आणि त्याला बिंबिसाराच्या राजधानीचं नाव दिलं, राजगृह.

हे नाव मला इथं फार मोलाचं वाटतं. कारण विनयपिटकात भिक्खूंच्या डोक्यावर पहिल्यांदा छप्पर येतं ते राजगृहातच. तोवर भिक्खू रानात, झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, पेंढ्याच्या गंजीपाशी राहत. तिथल्या एका श्रेष्ठीनं पहाटे त्यांना इकडून तिकडून शांतपणे येताना पाहिलं आणि विचारलं, तुमच्यासाठी निवारे बांधले तर राहाल का? भिक्खूंनी बुद्धांना विचारलं. कुटी उघडी असल्याचं सांगणाऱ्या बुद्धांनी होकार दिला. श्रेष्ठीनं एका दिवसात साठ निवारे उभे केले, असं तिथं लिहिलं आहे. पुढं छपरंही ठरली: विटांचं, दगडाचं, चुन्याचं, गवताचं, पानांचं. पाच प्रकार. आमच्या वाडीत कौलावाल्यानं आणि पेंढावाल्यानं शेजारी बसून हे ऐकावं, असा हा भाग आहे. आणि वर्षावासासाठी भिक्खूनं निवाऱ्याशिवाय राहू नये, असाही नियम झाला. ज्या तीन महिन्यांत आम्ही ग्रंथ वाचतो त्यांचा पायाच छप्पर आहे.

तरीही धनियाला दिलेलं उत्तर उरतंच. तिथं बुद्ध स्वतःच्या कुटीबद्दल बोलतात आणि ती उघडी म्हणतात. धम्मपदात तर ते घर बांधणाऱ्याला उद्देशून म्हणतात की तू आता ओळखला गेलास, तुझे वासे मोडले, आढं कोसळलं. मी लहान असताना हे ऐकून मला आजोबांची कीव यायची. किती यातायात करून त्यांनी आढं चढवलं! मोठी झाल्यावर एवढं कळलं की तिथं बोलणं तृष्णेशी चाललं आहे, सुताराशी नाही. पण नुसतं रूपक म्हटलं की प्रश्न मिटतो असं नाही. रूपक म्हणून का होईना, मोडलेलं आढं ही आनंदाची खूण कशी असू शकते? ज्यानं मोडलेलं आढं डोळ्यांनी पाहिलं त्याला हे पचायला जड जातं.

आम्ही ते पाहिलं ३ जून २०२० ला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं ते दुपारी, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यानं त्या दिवशी जे सोसलं ते नकाशावर दिसत नाही. कौलारू छप्पर वरून पडणाऱ्या पावसासाठी असतं. वारा पडवीतून, वळचणीखालून आत शिरला की आतून ढकलतो आणि पाठीमागच्या पाख्यावरून बाहेर ओढतो. एक कौल उचललं गेलं की शेजारच्याचा आधार जातो. पाखंच्या पाखं पत्त्यांसारखी उडाली. आमचं आढं ऐनाचं होतं, ते टिकलं; पण वासे आतून वाळवीनं पोखरलेले होते, ते बसले. माजघरात उभं राहिलं की आभाळ दिसत होतं. संध्याकाळी वादळ सरलं तेव्हा आंब्या-फणसांची मुळं वर आली होती, वीज गेली होती ती कित्येक आठवडे आली नाही, टाळेबंदी होती, मुंबईहून माणूस येऊ शकत नव्हता, आणि पावसाळा आठवड्यावर.

मला त्या रात्री धनिय आठवला नाही. मला घटिकार आठवला.

घटिकार कुंभार होता. मज्झिमनिकायात त्याचं एक आख्खं सुत्त आहे. गोष्ट काश्यप बुद्धाच्या काळातली म्हणून सांगितलेली. वेभलिंग नावाच्या गावात घटिकार आंधळ्या, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळून राहत असे. जोतिपाल नावाचा ब्राह्मण तरुण त्याचा जिवलग मित्र. घटिकार त्याला म्हणे, चल, बुद्धांना भेटू. आणि जोतिपाल म्हणे, त्या मुंडक्या श्रमणाला भेटून काय मिळणार? नदीवर आंघोळ झाल्यावर शेवटी घटिकारानं त्याचे नुकतेच धुतलेले केस धरले. जोतिपाल चकित झाला. हलक्या जातीचा कुंभार ब्राह्मणाच्या ओल्या केसांना हात घालतो, म्हणजे गोष्ट साधी नसणार. तो गेला, आणि भिक्खू झाला. या कथेचा शेवट असा की तो जोतिपाल म्हणजे मीच, असं गोतम बुद्ध आनंदला सांगतात. पूर्वजन्म मी मानत नाही. पण ज्यांनी ही कथा रचली त्यांनी बुद्धाला ब्राह्मणाच्या जागी ठेवलं आणि वाट दाखवायचं काम कुंभाराला दिलं, हे मला कमी वाटत नाही.

छपराचा भाग पुढं येतो. पावसाळ्यात काश्यप बुद्धांची कुटी गळू लागली. त्यांनी भिक्खूंना सांगितलं, घटिकाराकडे गवत आहे का बघा. भिक्खू जाऊन आले आणि म्हणाले, गवत नाही, पण त्याच्या कामाच्या खोपटावर गवताचं छप्पर आहे. बुद्ध म्हणाले, ते काढून आणा. भिक्खू काढू लागले. आतून आंधळ्या आईबापांनी विचारलं, छप्पर कोण काढतंय? भिक्खूंनी सांगितलं, बुद्धांची कुटी गळते आहे. ते म्हणाले, न्या हो, न्या. घटिकार घरी आला, त्यानं विचारलं, त्याला कळलं, आणि आपल्यावर एवढा विश्वास टाकला गेला याचा त्याला असा आनंद झाला की तो पंधरा दिवस ओसरला नाही. आईबापांचा आठवडाभर टिकला. आणि ते खोपट तीन महिने आभाळ पांघरून उभं राहिलं, तरी आत पाऊस पडला नाही.

या गोष्टीनं मला फार वर्षं छळलं आहे. दोन जागी.

पहिली जागा: घरधनी घरी नसताना त्याचं छप्पर काढणं ही चोरी नाही का? जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, हे आपण रोज पंचशीलात म्हणतो. भिक्खूंसाठी चोरीचा जो नियम झाला तोही एका झोपडीपायीच झाला. राजगृहातच एक दुसरा धनिय होता, कुंभाराचाच मुलगा, भिक्खू झालेला. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणारे त्याची गवताची कुटी मोडून नेत. तीनदा असं झालं. मग त्यानं मातीची कुटी करून भाजली; ती बुद्धांनी मोडायला लावली, कारण भाजताना जीव मेले. शेवटी त्यानं राजाचं लाकूड, राजानं दिलंय असं सांगून, उचललं आणि त्यावरून नियम झाला. या धनियाबद्दल माझ्या मनात कणव आहे. तीनदा छप्पर गेलेला माणूस लाकडासाठी खोटं बोलला. पण नियम बरोबर होता असंच मला वाटतं. गरज कितीही खरी असो, राजाकडून न मिळालेलं मिळालं म्हणणं वेगळं, आणि आतल्या माणसांनी हाक मारून न्या म्हणणं वेगळं. घटिकाराच्या दारी भिक्खूंनी आपण कोण ते सांगितलं, कशासाठी ते सांगितलं, आणि आईबापांनी होकार दिला. तरीही मी इथं पूर्ण निःशंक नाही. भिक्खूंनी काढायला आधी सुरुवात केली, विचारणं आतून झालं. आंधळ्या माणसांनी विचारेपर्यंत वाट पाहायला नको होती. आमच्या घरावर कौलं चढू न देणारेही विचारायला आले नव्हते, सांगायला आले होते.

दुसरी जागा तो न पडलेला पाऊस. बाबासाहेबांनी आम्हाला चमत्कार मानायला शिकवलं नाही. तीन महिने ढग एका कुंभाराचं खोपट टाळून गेले, हे मी विहारात सांगू शकत नाही आणि सांगत नाही. मी ते वाक्य वगळूनही पाहिलं. पण ते वगळलं की गोष्ट भयंकर होते: गरीब माणसाचं छप्पर धर्मानं नेलं आणि तो आनंदी राहिला. असल्या गोष्टी दुसऱ्या धर्मांत ढिगानं आहेत. मग ते वाक्य हवंच, पण कुठल्या अर्थानं हवं?

त्याचं उत्तर मला वाडीच्या बैठकीत मिळालं. वादळानंतर तोंडाला फडकी बांधून, एकमेकांपासून अंतर ठेवून, माणसं विहाराच्या अंगणात जमली होती. विहारावरचे जुने सिमेंटचे पत्रे फुटले होते. पण नवे रंगीत पत्रे आधीच घेऊन ठेवलेले होते. मुंबई मंडळानं वर्गणी काढली होती, माल मार्चमध्ये आला होता आणि टाळेबंदीमुळे बसवायचा राहिला होता. बाजारात तेव्हा पत्रा मिळत नव्हता, ताडपत्रीही नाही. वाडीत तीन घरं अशी होती की ज्यांना पुढच्या आठवड्यात छप्पर मिळालं नसतं तर भिंती गेल्या असत्या. त्यात खालच्या टोकाला एकटी राहणारी आमची काकी. वय ऐंशीच्या पुढं.

खजिनदारांनी स्पष्ट सांगितलं, “जो पैसा विहारासाठी आला तो विहारालाच लागला पाहिजे. उद्या मुंबईवाले विचारतील.” त्यात खोट नव्हती. दानाचा हेतू बदलणं ही हलकी गोष्ट नाही, आणि जिथं हिशेब ढिला होतो तिथं वर्गणी आटते, हे आम्ही पाहिलेलं आहे. एक तरुण म्हणाला, बुद्धमूर्ती उघड्यावर ठेवणार का? मग मी घटिकाराची गोष्ट सांगितली. सांगता सांगताच मला जाणवलं की इथं सगळं उलटं आहे. तिथं घराचं गवत बुद्धाच्या कुटीला गेलं होतं, इथं बुद्धाच्या छपराचे पत्रे घरांना मागितले जात होते. आणि विनयातली दुसरी एक गोष्टही आठवली: स्वतःच्याच घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदनं हातांनी धुतलं आणि संघाला बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. ज्याला माझी कुटी शाकारायची आहे त्यानं काकीचं घर शाकारावं, असा त्याचा अर्थ आमच्यासाठी होत होता. मी एवढंच म्हटलं. फोनवरून मुंबईला विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं. तिकडून होकार आला. दुसऱ्या दिवशी पत्रे तीन घरांवर चढले.

त्या वर्षीचा वर्षावास बुद्धमूर्तीनं जुन्या, ठिगळ लावलेल्या ताडपत्रीखाली काढला. काकीच्या घरात पाऊस पडला नाही.

तेव्हापासून मी घटिकाराच्या गोष्टीतलं ते शेवटचं वाक्य वगळत नाही. माझ्या मते ते ढगांविषयी नाहीच. ज्यानं दिलं त्याच्या घरात पाऊस पडू द्यायचा नाही, ही घेणाऱ्यांची जबाबदारी आहे. वेभलिंगातल्या भिक्खूंनी, शेजाऱ्यांनी, गावानं ती पाळली असेल तरच ते वाक्य खरं, नाहीतर ते खोटं. धर्मानं गरिबाकडून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला ही कसोटी लावावी असं मला वाटतं. आणि उघड्या कुटीचा अर्थही मला तिथंच लागला. बुद्धांची कुटी उघडी राहू शकली, कारण त्यांच्याभोवती छप्पर देणारा समाज होता आणि त्यांनी तो घडवला होता. ज्या माणसाच्या मनात आपलं छप्पर दुसऱ्याला देता येण्याइतकी मोकळीक आहे त्याची कुटी उघडी आहे, मग त्यावर कौलं असोत की पत्रा. आणि ज्याचं छप्पर दुसऱ्यानं रोखून धरलं आहे त्याची कुटी उघडी नाही, ती लुटलेली आहे. या दोन उघडेपणांत गल्लत करणारा कुठलाही धर्मोपदेश मला मान्य नाही. घटिकाराला राजानं नंतर पाचशे गाड्या तांदूळ पाठवला, तेव्हा त्यानं राजाला खूप कामं असतात, मला आहे तेवढं पुरे, असं सांगून परत केला. छप्पर देणारा आणि तांदूळ न घेणारा तो एकच माणूस. तोही मोकळाच.

आमचं स्वतःचं घर त्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली राहिलं. नंतर कायमचं काय करायचं यावर घरात बराच खल झाला. दादाला पुन्हा कौलंच हवी होती. आजोबांची कौलं, वाडीनं गावकीला न जुमानता चढवलेली. ती उतरवायची म्हणजे काय, असं तो फोनवर अगदी रडवेला होऊन म्हणाला. पुतण्या म्हणाला, आत्या, तूच सांगतेस सगळं अनित्य आहे, मग एवढे पैसे घालायचे कशाला? मिलिंद राजाला नागसेनानं रथाचं उदाहरण दिलं ते असल्या वेळी सगळेच काढतात: चाक काढलं, आस काढला, मग रथ कुठं उरला? मला तो प्रश्न नव्हता. वासे बदलले, कौलं बदलली, भिंतीचा निम्मा भाग बदलला, तरी ते घर आजोबांचंच आहे याबद्दल मला शंका नव्हती.

मी पत्रा निवडला. सुतार म्हणाला, “बाई, ह्या वाशांत काय राह्यला नाय, हात लावला तर भुगा.” एक कौल अडीच किलोच्या आसपास भरतं आणि शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात, एवढा भार तोलायला लागणारं ऐन-किंजळाचं लाकूड आता विकत घेण्याजोगं राहिलेलं नाही. पत्र्याचा भार त्याच्या साधारण दशांश, लोखंडी कैच्या भिंतीत नीट धरल्या आणि पत्रा स्क्रूनं आवळला तर वाऱ्याला तो जास्त टिकतो. विनयात छन्न नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. विहार पूर्ण झाला तरी तो त्यावर पुन्हा पुन्हा छप्पर चढवत, लिंपत राहिला आणि शेवटी भारानं विहार कोसळला. दादाला मी ती सांगितली. पत्र्याचे तोटेही खरे आहेत. एप्रिलमध्ये घर तापतं, आणि जुलैत पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ओटीवरचं वाचन मला थांबवावं लागतं. हे नुकसान मी मान्य केलं आहे.

पुतण्याला मी सांगितलं की अनित्य आहे म्हणूनच दर वर्षी शिडी लागते. जे टिकणारच आहे त्याला कुणी शाकारत नाही. आजोबांनी कौलं चढवली ती ती कायम टिकतील म्हणून नव्हे. ती चढवायचा आपल्याला अधिकार आहे म्हणून. तो अधिकार पत्र्यावरही तितकाच बसतो. शाबूत कौलं ज्यांना हवी होती त्यांनी नेली. नव्या साच्याच्या कौलांत जुनी नीट बसत नाहीत, म्हणून ज्यांच्या घरावर त्याच जुन्या साच्याची कौलं आहेत त्यांच्याच कामाला आली, आणि त्यातलं एक घर वरच्या आळीतलं आहे. मालक स्वतः आला, विचारून घेऊन गेला.

विहारावर अजून नवे पत्रे चढायचे आहेत. वर्गणी पुन्हा सुरू आहे, पत्रा मधल्या काळात महाग झाला आहे. बैठकीच्या वहीत तेव्हा ठराव लिहिला गेला की तीन घरांना दिलेले पत्रे दान समजावेत, उसने नव्हेत, आणि कुणाकडून परतफेड मागू नये. पण काकी दर महिन्याला निराधार योजनेचे पैसे आले की खजिनदारांच्या दारात जाते आणि पन्नास रुपये ठेवते. ते म्हणतात, काकी, तुझ्याकडून काही येणं नाही. ती म्हणते, “मला ठाव हाय. तू लिव.” पावती कसली करायची हा त्यांना पडलेला खरा पेच आहे. परतफेड लिहिली तर ठराव मोडतो, आणि पैसे नाकारले तर तिचा हात रिकामा परत जातो. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विहाराच्या छपरासाठी दान, असं लिहा, आणि वर तिचं पूर्ण नाव.